निवलेला श्वास

नाकावरचा तो चिमटा निळ्या रबराचा, इवलासा, पण असा घट्ट की डोळ्यांत पाणी यावं... आणि आलंच तर कुणी कारण विचारू नये, एवढी त्याची सोय. दमा तपासणारी बाई ‘फुंका, अजून, अजून’ म्हणत होती आणि ती नळीत छाती रिकामी करत होती. मधेमधे छातीत ओढायला लावलेली औषधाची वाफ, प्रत्येक बाटलीतली आधीच्यापेक्षा जहाल, दमा उठतो का ते बघायला. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्याच बाटलीला तिची छाती आवळून आली होती. आज पाचवी झाली, सहावी झाली, तरी श्वास आपला सरळ चाललेला — जणू दुसऱ्याच कुणाचा.

"संपल्या बाटल्या, ताई," बाई हसून म्हणाली. "तुमच्या श्वासनळ्या निवल्यात. वर्षं जातात तसं होतं एखाद्याचं."

कधी निवल्या, ते मात्र बाईला सांगता येईना. मधे तपासणीच झाली नव्हती. तिनंच टाळली होती — दुखणं एकदा ठरून गेल्यावर पुन्हा कशाला...

वडील सुतार. भुसा त्यांच्या भुवयांत असायचा, पॉलिशचा वास आंघोळीनंही जात नसे. त्या वासानं एकदा तिचा जीव जाता जाता राहिला, तेव्हापासून ते आले की बाहेर जिन्यातच बसत, चपला मात्र शेजारी काढून, घरात आल्यासारखे. दाराच्या फटीतून ती चहा द्यायची. एकदा कडाक्याच्या थंडीत म्हणाली होती, "बाबा, आज आत या. बघू काय होतं."

"नको गं. माझ्या हौसेखातर तुझा श्वास कशाला पणाला लावतेस?"

तिनं पुन्हा आग्रह केला नाही. ते नको म्हणाले म्हणून तिला तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं होतं — हे आत्ता, रस्ता ओलांडताना आठवलं आणि ती मधेच थांबली. गाड्या भोंगे वाजवू लागल्या.

गेल्या वर्षी ते गेले. शेवटचे सहा महिने तिच्या भावाच्या दीड खोलीत काढले. तिच्याकडे एक खोली रिकामी होती. तेव्हा निवल्या होत्या का? की त्याच्याही आधी... तीन वर्षं, पाच वर्षं, ती उगाचच दार धरून उभी?

घरी नवरा वाट बघत होता. काय निघालं, त्यानं विचारलं.

"तसंच आहे," ती म्हणाली. "पूर्वीसारखंच."

त्यानं मान हलवली आणि धूळ नको म्हणून खिडकी लावून घेतली. ती बघत राहिली. आता हे दुखणं जपायला हवं, मरेपर्यंत... बाबांच्या आणि तिच्या मधे तेवढंच तर होतं. तेही नव्हतं म्हटलं, तर मग काय होतं?