ध्वनिलहरींची पट्टी

वाचनालयाच्या दारावरच्या छताखाली वटवाघळांनी बिऱ्हाड थाटलं होतं. शनिवारच्या सभेत होकार मिळाला की त्याच संध्याकाळी, वटवाघळं भक्ष्य शोधायला बाहेर पडल्यावर, तिथे जाळी लागणार होती. मग आया बाहेर राहिल्या असत्या आणि अजून उडता न येणारी पिल्लं आत उपाशी मेली असती. हे एकट्या धाकटीला ठाऊक होतं, कारण तिने नुकतीच जीवशास्त्राची पदवी घेतली होती. ग्रंथपालबाईंनी तिला हे लोकांना सांगायला सूचनाफलकावर एका पानाची जागा दिली.

तिने लिहिली चार पानं. आधी सस्तन प्राण्यांचं वर्गीकरण, मग पंखांची रचना, मग ध्वनिलहरी. ज्या क्रमाने शिकली, त्याच क्रमाने. पिल्लं चौथ्या पानाच्या तळाशी.

तिच्या शिवणकाम करणाऱ्या आत्याने मशीन थांबवून पहिलं पान दोनदा वाचलं. छान आहे म्हणाली, ज्याला परीक्षेला बसायचंय त्याच्यासाठी.

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. यात एक अक्षर चुकीचं नाही, ती पुटपुटली.

"कापडही चुकीचं नाहीये गं. पण माप कुणाचं घेतलंस?"

पुढचे दोन दिवस धाकटी वही घेऊन वाचनालयाच्या दाराशी उभी राहिली. सगळे आधी विचारत, चावतात का? मग घाणीचं, मग जाणार कधी. ध्वनिलहरींबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. रोज झाडणारे वॉचमनकाका तर म्हणाले, "पाहुणे तुझे, झाडू मात्र माझा."

तिने चारही पानांच्या पट्ट्या कापल्या आणि लोकांच्या प्रश्नांखाली एकेक चिकटवली. हात लावू नका, ती आपणहून अंगावर येत नाहीत. घाण नाक झाकून, आधी ओली करून काढा. पिल्लं दीड महिन्यात उडतील. जाळी मग लावा. उरलेल्या पट्ट्या फेकताना तिचा जीव तुटला, तेव्हा आत्याने त्या टाचणीने वहीला टाचल्या. चांगली चिंधी कधी वाया जात नाही म्हणाली.

सभेत पहिले उठले ते वॉचमनकाकाच. दीड महिनाच ना, मग खाली प्लास्टिक अंथरू, त्यांनी सुचवलं. जाळी पुढे ढकलली गेली.

बाहेर पडताना काकांनी वर पाहिलं.

"पण ताई, अंधारात ही भिंतीवर आपटत कशी नाहीत?"

धाकटीने वहीची टाचणी सोडवली.