एस्तेरचा उपास

नवऱ्याचं नाव घेते म्हणून कोणी तोंड वाकडं करू नका. निकेश. आता नाव घेतल्यानं कोणाचं का जाते? या गावात त्याले नावानं हाक मारणारे तसेही कमीच होते. बाकीचे आंगचोर म्हणत. तोंडावर नाई, मागं. पण मागं म्हणजे कुठी, तर आमच्या कुडाच्या पलीकडं, जिथून मले सारं साफ ऐकू ये.

मी आरमोरीकडची. लगन होऊन पोंभुर्ण्याजवळच्या या गावात आली, तं पहिल्याच रोवण्यात, धानाची रोपं लावताना, मले समजलं का या माणसाचं काहीतरी वेगळं हाय. सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, उतरला तेव्हा हसून राह्यला होता, गाणं म्हणून राह्यला होता. दुपारपर्यंत गार चिखलात उभा राह्यला, आन संध्याकाळी गुडघे असे सुजले का पाटावर बसता येईना. मंग चार-सहा दिवस खाटेवर. तोंडातून ब्र नाई, फक्त दात आवळून पडलेला. आन बरा झाला का असा बरा होये, का कोणाची सायकल दुरुस्त करून दे, कोणाचं छप्पर शाकारून दे. लोकायले तेच दिसे. म्हणत, पाह्यलं का, मनात आलं का करते, नाई आलं का झोपते.

बाप्पा, दुखणं का मनात विचारून येते?

माहे सासरे गुणवंतराव, मी त्यायले मामाजी म्हणते. आमच्या प्रार्थनाघरातले सगळ्यात जुने विश्वासी. तारुण्यात दारू पिऊन मोहाच्या झाडाखाली पडून राहात, सासूबाई मजुरीले जाऊन घर चालवत. मंग कोणीतरी त्यायले प्रभूचं वचन सांगतलं, आन त्या दिवसापासून मामाजीनं बाटली सोडली ते सोडलीच. कोंबडा आरवायच्या आधी उठणार, अंधार पडल्यावर बांधीतून येणार. आजारी पडलेले मी त्यायले कधी पाह्यले नाई. दर रविवारी साक्ष द्याले उभे राहात. "मी आळशी होतो, प्रभूनं मले उठवलं," इथून सुरू. लोकायले ते पाठ झालं होतं. कुठी 'आमेन' म्हणायचं तेही पाठ.

बायबलात मुंगीची गोष्ट हाय ना, आळशी माणसानं तिच्याकडं पाहून शिकावं अशी. मामाजीची ती लय आवडती. आंगणात मुंग्यायची रांग दिसली का निकेशले हाक मारत, "पाह्य रे, पाह्य जरा." निकेश खाटेवरून मान वळवून गुमान पाहे. एकदा माह्यानं राहावलं नाई. म्हणलं, "मामाजी, मुंग्यायचे गुडघे नसन दुखत."

मामाजी माह्यावर रागावले नाई. तेच तं खरं दुःख हाय. रागावले असते तं मीही भांडली असती. ते हळूच म्हणाले, "बाई, मी झाडाखाली पडून राह्यलेला माणूस हाव. माहा पोरगा तसा पडलेला दिसला का मले माहाच धाक वाटते." पोरावर त्यायचा जीव होता. जीव होता म्हणूनच सारं झालं.

निकेशले या जगात एकच गोष्ट पाह्यजे होती. बापानं एकदा, सर्वायसमोर, म्हणावं का माहा पोरगा आळशी नाई. बस. दुसरं काही त्यानं कधी मांगतलंच नाई. आन मले पाह्यजे होतं का त्याले ते मिळावं.

उन्हाळ्यात गावची आशाताई, नूतन, घरी आली. निकेशचे डोळे पाहून म्हणाली, "ज्योत्स्ना, हे डोळे पिवळे हायत. याचं रक्त तपासाले पाह्यजे. आपल्या भागात सिकलसेलची, रक्ताची बिमारी लय हाय. सोमवारी तालुक्याले घेऊन चाल." मले तं देवच भेटल्यावानी झालं. त्याच पावली मामाजीले सांगतलं.

मामाजी म्हणाले, "जाऊ. दवाखान्यात जाऊ ना. पण आधी उपास होऊ दे."

कोणता उपास, तं एस्तेरचा. बायबलातल्या एस्तेर राणीनं आपल्या लोकायसाठी तीन दिवस अन्न नाई, पाणी नाई, असा उपास धरला होता. मामाजीनं ठरवलं का पावसाळ्याच्या आधी पोराले आळसाच्या आत्म्यापासून मोकळं करायचं, म्हणजे रोवण्याले तो सर्वायसंग उभा राहीन. पास्टर पियुषनं रविवारी सगळ्यायसमोर ते जाहीर केलं. "आपण भाऊ निकेशमधला आळसाचा आत्मा बांधणार आहोत." निकेश खाली मान घालून बसला होता. मी उभी राह्यली. म्हणलं, "पास्टरजी, त्यायचे डोळे पिवळे हायत. आशाताई म्हणते दवाखाना करा."

"सिस्टर, विश्वास धरा," पास्टर म्हणाला. लोकं म्हणाले, "आमेन."

जळो ते आमेन.

मे महिन्यातलं ऊन. आमच्याकडलं ऊन ज्यानं पाह्यलं त्याले सांगायची गरज नाई. प्रार्थनाघराले वरून टिनाचे पत्रे. त्यात बाप-लेक दोघं उपासाले बसले. हाव, मामाजीही बसले. त्यायनंही पाण्याचा थेंब घेतला नाई. त्यायले वाटलं, मी म्हातारा सोसतो, तं हा जवान पोट्टा काऊन नाई सोसणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी बाहेर गेलेले पाहून मी लोटा घेऊन आत शिरली. मीठ-साखरेचं पाणी होतं. निकेशचे ओठ फाटले होते.

"प्या," म्हणलं. "कोणी पाहून नाई राह्यलं."

"देव पाहून राह्यला."

"देवानं कोणाले पाणी नाई म्हणलं? थकलेल्यायले जवळ बोलावणारा तोच ना?"

तो हसला. मंग म्हणाला, "ज्योत्स्ना, खरं सांग. मी आळशी हाव का?"

"नाई वो! काहीतरीच का बोलता?"

"मंग मले काऊन वाटते? सकाळी आंग उठत नाई, तं मनात येते का मी खरंच आंग चोरून राह्यलो. दुखते, पण वाटते दुखणंही माहं खोटंच असन." त्यानं लोटा हातानं बाजूले सारला. "एकदाचा हा आळस निघून जाऊ दे. मंग बाबा साक्ष देतीन, माहा पोरगा आळशी नाई. यंदा रोवण्यात मी तुह्या बाजूले उभा राहीन, पाह्यजो."

मी हात जोडले, रडली, शिव्या देल्ल्या. नाई प्याला. गावानं म्हणलेलं मी कधी मनाले लावून घेतलं नाई, पण या माणसानं ते स्वतःच खरं धरलं होतं. ते मले तेव्हा समजलं.

दुपारी त्याले कळा सुरू झाल्या. आधी पायात, मंग पाठीत, मंग छातीत. तो कण्हाले लागला. आन मायबाई, का सांगू, ते सारे खुश झाले! म्हणत, "निघून राह्यला, निघून राह्यला!" तो जितका कण्हे तितकी ते मोठ्यानं प्रार्थना करत. मामाजी त्याच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून, घामानं भिजलेले. पोराच्या आंगातून सैतान जाऊन राह्यला असं त्यायले वाटत होतं. पोरगा जाऊन राह्यला होता.

मी धावत नूतनकडं गेली. तिनं गाडी बोलावली. प्रार्थनाघरात शिरून मी दोघा-तिघायले ढकललं, निकेशले ओढून बाहेर काढलं. मामाजीनं डोळे उघडले, पोराचं तोंड पाह्यलं, आन एका शब्दानं मले अडवलं नाई. स्वतःच पोराले उचलून गाडीत ठेवलं आन संगं बसले.

चंद्रपूरच्या रस्त्यानं मी त्याच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडत होती. ते गालावरून वाहून जात होतं. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरनं पाह्यलं आन मान हलवली. नूतननं सारं सांगतलं तसं डॉक्टर म्हणाले, "सिकलसेलचीच लक्षणं आहेत. अशा माणसाला उन्हात बिनापाण्याचं ठेवायचंच नसतं. पाणी तर सारखं द्यावं लागतं."

मामाजीनं विचारलं, "पाणी?"

डॉक्टर म्हणाले, "हो, पाणी."



मातीच्या दिवशी पास्टर म्हणाला, "आपला भाऊ निकेश प्रभूमध्ये विसावला आहे." माह्या आंगाची आग झाली. म्हणलं, "जिता होता तवा तुमी त्याले घडीभर विसावू देल्लं नाई. आता कायचा विसावा सांगून राह्यले?" बायायनं मले धरून मागं नेलं. मामाजी खड्ड्याच्या काठावर उभे होते. खड्डा त्यायनंच खणला होता, दुसऱ्या कोणाले फावड्याले हात लावू देल्ला नव्हता.

रोवणं आलं. मी बांधीत उतरली. माह्या बाजूची जागा मी रिकामी ठेवली. बाया सरकून आल्या का मी म्हणे, "तिथी नोका येऊ." एक-दोन वेळा भांडलीही. मंग त्यायलेही समजलं. पलीकडच्या धुऱ्यावर, बांधीच्या कडेले, मामाजी काम करत, पण माह्याकडं पाहात नसत. घरातही आमी बोलत नव्हतो. मी भाकर वाढे, ते खात. मात्र जिथी मी काम करन तिथी पाण्याची कॅन आणून ठेवत. मी ते पाणी कधी प्याली नाई.

धान कापून झाला तसा प्रार्थनाघरात हंगामाचा सण झाला. सारे आपापल्या बांधीतली पहिली पेंढी घेऊन आले. मी जाणार नव्हती. पण नूतन म्हणाली, "जाय, त्याच्या नावानं जाय," म्हणून गेली, आन दाराशी बसली.

मामाजी साक्ष द्याले उभे राह्यले. लोकं सरसावून बसले. त्यायले पाठच होतं ना, मी आळशी होतो, प्रभूनं मले उठवलं.

मामाजी म्हणाले, "माहा पोरगा आळशी नव्हता."

ते परत म्हणाले, मोठ्यानं, "माहा निकेश आळशी नव्हता. तो बिमार होता. मी त्याले पाणी देल्लं नाई."

आन लोकं सवयीनं म्हणाले, "आमेन."

मी पदर तोंडात कोंबला तरी रडू थांबेना. हेच वाक्य पाह्यजे होतं. याच घरात, याच लोकायसमोर, याच माणसाच्या तोंडून. ऐकाले फक्त तो नव्हता.