नांदेडच्या लग्नात मी उडालो नाही

मी फवारणीचा ड्रोन बोलतोय. मुरुडच्या अण्णारावांच्या शेडमध्ये, खताच्या पोत्यांशेजारी माझी जागा आहे. सहा पंखे, पोटात औषधाची टाकी आणि अंगावर सरकारी नोंदणीचा नंबर.

घरी आलो त्या दिवशी अण्णारावांच्या बायकोनं, सिद्धम्माबाईंनी, माझी पूजा केली. कपाळ समजून माझ्या पुढच्या कॅमेऱ्यावरच विभूतीची तीन बोटं ओढली. मला काही दिसेना! त्यांच्या मुलीनं, मंजुश्रीनं, ओढणीच्या टोकानं ती हळूच पुसली आणि आईला वाईट वाटू नये म्हणून टाकीच्या झाकणावर परत लावली.

मंजुश्री बीएस्सी झालेली. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. पण मला उडवायचा परवाना घरात तिच्याकडेच. दहावी पास असावं, अठरा वर्षं पूर्ण असावीत. सरकारची फीही किरकोळच. खरा खर्च मान्यता असलेल्या संस्थेत शिकण्याचा. त्यासाठी घरची म्हैस विकली; तेव्हापासून चहाला दूध विकतचं. म्हणून की काय, मला उडवण्याआधी ती नकाशा दोनदा बघते. विमानतळासारख्या जागेभोवतीचा, उडायला बंदी असलेला लाल भाग दिसला की विषय संपला. तिथं परवानगीशिवाय उडवलं तर दंड, आणि परवानाही जाऊ शकतो.

मागच्या महिन्यात उमरीला फवारणी होती. वाटेत नांदेडला तिच्या चुलत भावाचं, रविकिरणचं लग्न, म्हणून मीही टेम्पोत होतो. मंगल कार्यालय विमानतळाला लागूनच.

अक्षता पडायच्या आधी नवरदेवाचे वडील, संगप्पाकाका, धावतच टेम्पोकडे आले. हातात गुलाबपाण्याचा कॅन.

"मंजे, हे टाकीत भर. अक्षता पडल्या की नवरा-नवरीवर शिंपडायचं. व्याह्यांना शब्द दिलाय मी."

"काका, हा लाल भाग हाय. न्हाई जमायचं."

"अगं, एक चक्कर! कोण बघून राहिलंय?"

"टाकीत काल तुरीचं औषध होतं, काका."

"धुऊ की! तुला भ्या वाटत असंल तर रिमोट दे इकडं. इतकी वर्षं ट्रॅक्टर हाकलाय मी."

"आभाळात हाकलला का?"

बोलून गेली आणि स्वतःच घाबरली. आजूबाजूचे वऱ्हाडी हसले. काकांचा चेहरा उतरला. मंजुश्रीनं माझी बॅटरी काढली आणि ती मांडीवर घेऊन टेम्पोतच बसून राहिली. तेवढ्यात विमान गेलं, इतकं खालून की मांडवाची झालर हलली. ती केवढ्यानं दचकली! बॅटरी मात्र सोडली नाही.

गुलाबपाणी शेवटी काकांनी गुलाबदाणीनंच शिंपडलं. पंगतीत ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ती जेवलीही जेमतेम.

काल अण्णाराव बाजारातून आले, पायताण काढता काढता म्हणाले, "संगप्पाच्या हरभऱ्यावर लई अळी पडलीय. फुकट फवारून देणारा एक जण आला होता. संगप्पा त्याला म्हणला, परवाना दाखव. नव्हता. तसाच परत लावून दिला त्याला. म्हणतोय, मंजीलाच पाठवा."

मंजुश्री माझे पंखे पुसायला बसली, पुसलेलेच परत पुसत राहिली.

तुमच्याही गावात माझा एखादा भाऊबंद आला असेल. त्याला कौतुकानं बघा, कामाला बोलवा. पण त्याला उडवणारी 'न्हाई' म्हणाली, तर तिच्याकडे रिमोट मागू नका.