सगळं नॉर्मल आहे

सिस्टरला चेहरा सुंदर करून देणाऱ्या या क्लिनिकमध्ये लागून सहा वर्षं झाली होती. पहिल्याच दिवशी डॉक्टर मॅडमनी तिच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं होतं: "सगळं नॉर्मल आहे." ओठ टम्म सुजू देत, गाल काळानिळा पडू देत, आधी हेच म्हणायचं. "बाई घाबरली की गावभर सांगत सुटते," मॅडम म्हणायच्या. पुढे हे वाक्य सिस्टरच्या जिभेवर असं बसलं की घरी दूध उतू गेलं तरी तेच बाहेर पडे. "छप्पर डोक्यावर कोसळलं तरी आमची ही म्हणेल, नॉर्मल आहे," असं नवरा चिडवायचा. सासूबाईंना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. "कधीतरी खरंही बोलत जा गं," त्या म्हणत.

त्या दिवशी दुपारी दोन पेशंटच्या मधल्या वेळात मॅडमनी आरसा पुढे ओढला आणि स्वतःच्याच नाकात सुई घातली. संध्याकाळी क्लिनिकच्या नव्या बोर्डासाठी त्यांचा फोटो काढायचा होता आणि नाकाच्या शेंड्यावरचा एवढासा खळगा त्यांना खुपत होता. नाकात फिलर, म्हणजे खळगे बुजवायचं जेल, भरणं जोखमीचं काम. दुसऱ्या कुणी स्वतःवर केलं असतं तर मॅडमनी त्याची खरडपट्टी काढली असती. पण त्यांना अडवायची सिस्टरची काय बिशाद? ती कापूस धरून उभी राहिली.

सुई बाहेर काढून मॅडमनी आरसा बाजूला सारला, आणि तेवढ्यात नाकाचा शेंडा एका बाजूने पांढरा पडला, थेट नाकपुडीपर्यंत.

फिलर रक्तवाहिनीत शिरलं, रक्त अडलं की कातडी अशी पांढरी पडते. काही तासांत ते विरघळवलं नाही तर ती मरते. बोटाने दाबायचं, सोडायचं आणि मोजायचं. दोन म्हणेपर्यंत रंग परतला तर ठीक. हे सगळं मॅडमनीच तिला शिकवलेलं.

"कसं दिसतंय?" मास्क उचलत मॅडमनी विचारलं.

"सगळं नॉर्मल आहे," सिस्टर म्हणाली.

तोंडून कसं निघालं ते तिचं तिलाच कळलं नाही. शब्द मागे घ्यायला तिने तोंड उघडलं, तोवर मॅडम मास्क चढवून पुढच्या खोलीत गेल्याही होत्या. तिथे पेशंट बसलेली. पेशंटसमोर असलं काही बोलायचं नाही, हाही मॅडमचाच नियम. पहिल्या वर्षी एकदा ती "मॅडम, हे पांढरं पडलंय" असं बोलून गेली होती, आणि बाहेर आल्यावर तिची जी हजेरी घेतली गेली ती ती विसरली नव्हती. एवढी आटपू दे, मग सांगते, असं तिने ठरवलं.

एक आटपली, दुसरी आली. मग तिसरी. मॅडम मास्कच्या आड हसतखेळत बोलत होत्या. नाकाला बधिर करायचं मलम लावलेलं, त्यामुळे दुखत काहीच नव्हतं. सिस्टर ट्रे पुढे करत होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिला स्वतःची चीड येत होती, पण दर खेपेला ती पुढच्या पेशंटलाच हाक मारत होती.

चार वाजता मॅडमनी चहासाठी मास्क काढला.

पांढरेपणा गेला होता. त्या जागी जांभळी जाळी उमटली होती, पार गालापर्यंत.

सिस्टरने फ्रीज उघडला, फिलर विरघळवणारं औषध काढलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. "मॅडम, खुर्चीवर झोपा," ती म्हणाली. सहा वर्षांत असा हुकूम तिने पहिल्यांदाच सोडला होता. मॅडमनी ट्रेकडे पाहिलं, मग आरशाकडे हात नेला आणि तो अर्ध्यावरच थांबवला. त्या निमूटपणे आडव्या झाल्या.

"सिस्टर, नॉर्मल आहे ना?" त्यांनी विचारलं. खुर्चीवरच्या सगळ्याच बायका असंच विचारत.

"नाही, मॅडम."

तिने नाकाच्या शेंड्यावर बोट दाबलं आणि सोडलं. एक, दोन, तीन. मॅडमचेही ओठ हलत होते. पाचला त्यांनी मोजणं सोडून दिलं.

"तुला तेव्हाच दिसलं होतं?"

सिरिंज भरता भरता सिस्टर म्हणाली, "हो."