फुकटची ताई

माहितीपत्रकातल्या बाईच्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या होत्या आणि खाली छापलं होतं, 'मुलं आमच्याकडे, वेळ तुमच्याकडे!' आत्यानं ते पत्रक दोन बोटांच्या चिमटीत धरून टेबलाच्या पलीकडे सरकवलं. असली वाक्यं वाचली की तिला शिसारी यायची. तिनं स्वतः चार वर्षं एका क्रूझच्या किड्स क्लबमध्ये काढली होती, त्यामुळे हसऱ्या मुलांच्या फोटोंमागं काय असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. रंगीत चेंडूंचा हौद, त्यातल्या कुठल्या तरी चेंडूवर कालची ओकारी, आणि जंतुनाशकाचा तो गोडसर वास, जो दोनदा डोक्यावरून अंघोळ केली तरी केसांतून जात नाही.

आता ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करत होती आणि जमिनीवर सुखात होती. पण धाकट्या भावानं मुलांना घेऊन क्रूझवर जायचं काढलं, आणि घरचंच जाणतं माणूस असताना बाहेर कोण विचारतो? सलग तिसरा रविवार ती भावाच्या स्वयंपाकघरात, त्याचाच लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसली होती.

"ताई, क्लब रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो तेवढं बघ," भाऊ म्हणाला.

"आणि दुपारी बंद नको हं," भावजय म्हणाली. "मुलांना जेवूही तिथंच घालतात ना हो, ताई?"

मुलं नेताय की सामान, असं आत्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं, पण चहा कडू लागला. तीन रविवारांत दोघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं की तिथं मुलं करतात काय.

खरी अडचण टिल्लूची होती. वय चार. घरात पोपटासारखा बोलायचा, पण परकं माणूस दिसलं की तोंडाला कुलूप. भूक लागो, शू लागो, सांगणार ते बहिणीच्या कानात, आणि मग बहीण ते सगळ्यांना सांगणार. बहीण साडेसात वर्षांची. टिल्लू जन्मला त्या दिवसापासून तिला घरात सगळे 'मोठी' म्हणायला लागले, तेव्हा ती पुरती चारचीही नव्हती.

आणि क्लबांत मुलं वयानुसार वाटतात. तीन ते पाच एका खोलीत, सहा ते आठ दुसऱ्या. टिल्लूला एकटं सोडलं की तो मुका बसणार, चड्डी ओली करणार. क्लबातली माणसं कुणाची चड्डी बदलत नाहीत, तसा नियमच असतो. ती आईबापांना फोन करतात, आणि आईबापांना डोळ्यांवरच्या चकत्या काढून पळत यावं लागतं.

"म्हणजे आम्ही दिवसभर त्या फोनकडेच बघत बसायचं?" भाऊ म्हणाला, आणि त्याचा चेहरा एवढा पडला की आत्याला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

पण वाट तिनंच काढली. लहानाला वरच्या खोलीत कुणीच घेत नाही, मात्र काही जहाजांवर मोठ्या भावंडाला खाली उतरवतात. ही गोष्ट पत्रकात कुठं छापत नाहीत, ती विचारावी लागते, आणि विचारायचं हे आतल्या माणसालाच सुचतं. आत्यानं पाच कंपन्यांना लिहिलं होतं. आज एकीचं उत्तर आलं होतं. मोठीला सगळा प्रवासभर धाकट्याच्या खोलीत बसता येईल, फक्त नाव आधी नोंदवायचं. एकदा नोंदवलं की मध्ये बदल नाही.

"ताई, मानलं तुला!" भावानं टेबलावर थाप मारली. "मोठी जवळ असली की हा हूं की चूं करणार नाही."

"आता मी खरंच झोपणार," भावजय म्हणाली. "मोठे, ए मोठे, इकडे ये गं!"

मोठी आली. हातात दुसऱ्या एका जहाजाचं पत्रक होतं. त्यात सहा ते आठच्या खोलीत चढायची भिंत होती आणि शेवटच्या दिवशी मुलं स्वतः नाटक करतात असं लिहिलं होतं, त्या ओळीखाली तिनं पेन्सिलीनं रेघ ओढली होती. आईनं तिला सगळं सांगितलं. टिल्लूजवळ बसायचं, तो काय म्हणतो ते तिथल्या ताईंना सांगायचं, झालं.

"बरं," मोठी म्हणाली. पत्रकाची तिनं नीट घडी घातली. "त्याच्या जास्तीच्या चड्ड्या माझ्याच बॅगेत ठेवू का? म्हणजे तुम्हाला यायला नको."

"बघा, किती समजूतदार आहे आमची!" भावजय कौतुकानं म्हणाली.

अशा मुली आत्यानं क्लबात पाहिल्या होत्या. दर फेरीला एक तरी असायचीच. बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला टेकवून बसलेली, धाकट्याचं नाक पुसणारी, आणि मधल्या काचेतून पलीकडच्या खोलीतली भिंत चढणारी पोरं बघणारी. कर्मचाऱ्यांनी त्यांना नाव ठेवलं होतं, 'फुकटची ताई'. अशी एखादी आली की सगळे खूश, कारण तेवढं काम कमी. आत्याही खूश असायची. एकीला तर तिनं तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं, आठ दिवस नुसती राबवून घेतली होती.

आणि आजची करामतही आत्याचीच! आईबाप आपमतलबी होते, पण त्यांना ही वाट ठाऊकच नव्हती. ती तिनं खणून आणून दिली होती, वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. आत्याला स्वतःची किळस आली, इतकी की हात धुवून यावंसं वाटलं.

तिनं लॅपटॉप पुढं ओढला आणि उत्तर आलेल्या त्याच कंपनीचा फॉर्म भरायला घेतला. मोठी, सहा ते आठची खोली. टिल्लू, तीन ते पाचची. 'विशेष सूचना' या चौकटीत तिनं लिहिलं, 'हा मुलगा अनोळखी माणसांशी बोलत नाही. शूला जायचं का, हे दर तासाला आपणहून विचारावं. रडला तर लगेच वडिलांना बोलवावं. बहिणीला बोलवू नये.'

भावानं खांद्यावरून वाचलं. "अगं, हे काय? तो रडेल!"

"रडेल. मग तू जाऊन बस त्याच्याजवळ."

"मग आम्ही क्रूझवर जायचं कशाला?"

"ते तुझं तू बघ. तुला लहानपणी मी कडेवर वागवलं, म्हणून तुला वाटतं ताया झाडाला लागतात. हिला मी खाली उतरवणार नाही. बटण तू दाब, नाहीतर दुसरं जहाज तुमचं तुम्ही शोधा."

भावजय काहीतरी बोलणार होती, पण मोठी मध्येच उभी होती. घडी केलेलं पत्रक तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं आणि ती बापाच्या बोटाकडे बघत होती. तिच्यादेखत नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. तोंड वाकडं करत त्यानं बटण दाबलं. नोंदणी झाल्याचं पान समोर आलं.

"आत्या, तो रडला तर मला नाही ना बोलावणार?"

"नाही गं."

"नक्की?"

"नक्की."

मोठीनं लॅपटॉप आपल्याकडे वळवला, टाचा उंचावून सूचनेची ओळ सावकाश वाचली, आणि मग खाली फोन नंबर कुणाचा दिलाय ते एकेका आकड्यावर बोट ठेवून तपासलं. बापाचाच होता. तरी तिनं पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली.