लाल रेघ

माझ्या नवऱ्याला सगळेच मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ते बंदुका दुरुस्त करतात आणि काम करताना तोंड उघडत नाहीत. दुकानात बोलायचं काम माझ्याकडे आहे. ते मी दोघांच्या वाट्याचं करते.

माझी धाकटी बहीण नेमबाज आहे. लग्नाच्या आधीपासून ती क्लबच्या संघात रिव्हॉल्व्हर चालवते. घरात तिची फारशी दखल कुणी घेत नाही, पण रेंजवर ती आली की लोक बाजूला होऊन जागा देतात. यंदाची निवड तोंडावर आली असताना ती एका दुपारी दुकानात आली आणि रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं.

"भाऊजी, ट्रिगर जड लागतोय. हलका करून द्या."

"गेल्या वर्षी तुझ्याच मापाने केला होता."

"तेव्हा जड लागत नव्हता."

मिस्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं. "बोटाला काय झालंय?"

"बोटाला काय व्हायचंय?" असं म्हणून तिने हात मागे घेतला. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी चहाच्या गडबडीत होते.

रिव्हॉल्व्हरचं असं असतं, की ट्रिगर ओढताना बोट आतली स्प्रिंग दाबत असतं आणि त्याबरोबर मागचा घोडा, म्हणजे एक छोटी हातोडीच, उचलला जातो. तो सुटला की काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरवर पिन आपटते. प्रायमर पेटला तर गोळी सुटते. म्हणजे बोटाला जी स्प्रिंग जड लागते, तीच घोड्याला जोर देते. एकाचं कमी केलं की दुसऱ्याचंही कमी होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी हे शिकले. आमच्याकडे गप्पांना दुसरा विषय नव्हता.

मिस्त्रींनी आधी आतले घासणारे भाग आरशासारखे गुळगुळीत केले. "घासून जे हलकं होतं ते फुकटचं," ते म्हणाले. "त्यापुढचं सगळं पिनच्या तोंडचा घास काढून." मग नरम स्प्रिंग घातली आणि क्लबच्याच पेटीतली काडतुसं उडवून पाहिली. त्या काडतुसांचे प्रायमर जरा टणक असतात. काही पेटले नाहीत, म्हणून थोडी कडक स्प्रिंग घातली. मग सगळे पेटले.

धाकटीने रिकामं रिव्हॉल्व्हर धरून ट्रिगर ओढून पाहिला. "अजून थोडं, भाऊजी. केसभर."

"केसभर शिल्लक आहे, पण ते तुझं नाही, पिनचं आहे. थंडीत तेल घट्ट झालं किंवा एखादं काडतूस हट्टी निघालं, तर ते लागेल."

"लाडक्या मेहुणीसाठीसुद्धा नाही?"

"नाही."

मुठीच्या पुढच्या अंगाला एक बारीक स्क्रू असतो. तो स्प्रिंगला दाबून धरतो; सैल केला की स्प्रिंग नरम पडते. मिस्त्रींनी तो शेवटपर्यंत आवळला, आगकाडी माझ्या लाल नेलपॉलिशमध्ये बुडवली आणि स्क्रूवरून मुठीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. आमच्या क्लबमध्ये ही रेघ म्हणजे शिक्का. रेघ ओढली की आत कुणी हात घालायचा नाही, आणि घातला तर खेळाडू कायमचा बाद. बाटली माझी जाते, त्याबद्दल क्लबने आजवर आभार मानलेले नाहीत.

निवडीच्या आदल्या दिवशी धाकटी घरी आली आणि तीच बाटली मागून घेऊन गेली. मला फार बरं वाटलं. ती कधी नखं रंगवत नाही. लग्नात मीच तिचा हात धरून बसले होते, तेव्हा तिने नऊ नखं रंगवून घेतली आणि उजव्या हाताची तर्जनी मुठीत लपवली. "हे ट्रिगरचं बोट आहे ताई, याला काही लावायचं नाही." सासरकडच्यांनी हसून घेतलं, पण ही काही बधली नाही. त्यामुळे बाटली देताना मला वाटलं, चला, या वयात तरी हौस आली.

निवडीच्या दिवशी रेंजवर चांगलीच थंडी होती. मी तिच्या मागच्या बाकावर बसले होते. धाकटी सुरेख खेळत होती. शेवटच्या फेरीत पोचली तेव्हा तिची जागा जवळजवळ पक्की होती. मग एकदा ट्रिगर ओढला आणि नुसतं खट् वाजलं.

गोळी न सुटता घोडा पडला की भल्याभल्यांचा हात धक्क्याच्या भीतीने खाली झुकतो. तिच्या रिव्हॉल्व्हरचं तोंड तसूभरही हललं नाही. तिने ते लक्ष्याकडेच रोखून ठेवलं आणि पंचांसाठी डावा हात वर केला. आपली बहीण काय चीज आहे ते मला त्या क्षणी दिसलं. आणि तिची नखंही दिसली. दोन्ही हातांची, दहाच्या दहा, कोरी होती.

मग माझी बाटली नेली होती कशाला?

थोडं थांबून पंचांनी काडतूस काढून घेतलं आणि नेहमीप्रमाणे मिस्त्रींना बोलावलं. दोष काडतुसाचा असेल तर फेरी पुन्हा खेळायला मिळते, हत्याराचा असेल तर शून्य. हे मिस्त्री प्रायमरवर उठलेला पिनचा ठसा पाहून सांगतात. त्यांचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिलेला नाही, मग समोर कुणीही असो.

त्यांनी भिंगातून ठसा पाहिला. मग रिव्हॉल्व्हर उलटं केलं आणि त्यांचा अंगठा स्क्रूवर थांबला. त्यांची रेघ काडीने ओढलेली, बारीक असते. ही जाड होती, बाटलीच्या ब्रशची.

"ठसा उथळ आहे," मिस्त्री म्हणाले. "दोष रिव्हॉल्व्हरचा."

"पण काम तर तुमचं आहे," पंच म्हणाले.

"हो. काम माझं आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "मेहुणीचा लाड केला वाटतं," दुसरा म्हणाला. पंच अवघडले. "मिस्त्री, मग संघाच्या हत्यारांचं यंदा दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल."

मिस्त्रींनी मान हलवली. ठशाच्या बाबतीत कधी अर्धं बोलले नव्हते ते. मला धाकटीचा संताप आला. तिने तोंड उघडावं असं वाटत होतं, आणि उघडू नये असंही तितकंच वाटत होतं. गप्प राहिली असती तर फक्त ही निवड गेली असती. पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली असती.

धाकटीने गोळ्यांच्या आवाजासाठी कानांवर लावलेलं काढून गळ्यात घेतलं. "स्क्रू मी सैल केला," ती म्हणाली. "रेघही मीच ओढली. भाऊजींनी दिलं तेव्हा सगळं पेटत होतं."

पंचांनी फलकापाशी जाऊन तिचं नाव पुसलं.

दुकानात परतल्यावर मिस्त्रींनी स्क्रू आवळला, ट्रिगर दोनदा ओढून पाहिला आणि रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं. "बोट दुखतं हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आणखी हलका करून दिला असता?"

मिस्त्री विचारात पडले. खोटं बोलायचा आजचा वाटा संपला असावा. "नाही," ते म्हणाले.

"म्हणूनच नाही सांगितलं. उलट तुम्ही मला खेळणंच थांबव म्हणाला असता."

तिने पर्समधून बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. मी तिचा उजवा हात ओढून घेतला. तर्जनीचा सांधा सुजून गरम झाला होता आणि बोट पुरतं मिटत नव्हतं. इतके महिने या बोटाने ती ट्रिगर ओढत होती, आणि मी, सख्खी बहीण, चहा करत होते. मला रडू आलं, पण ते तिला आवडलं नसतं. म्हणून मी बाटली उघडली आणि अंगठ्यापासून नखं रंगवायला सुरुवात केली. नंतर तर्जनी होती. ती हात ओढून घेईल म्हणून मी जरा थांबले.

"लाव," ती म्हणाली.