उकंडरावांचा मुलगा बॅटरी विकतो

सांगून कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण त्या बॅटरीचं लाल बटण शेखरच्या अंगठ्याखाली गरम होत चाललं होतं — दाबलेलं नसताना. बुलढाण्याच्या त्या मंगल कार्यालयात कालच्या लग्नातल्या झेंडूचा वास अजून खुर्च्यांना चिकटून होता, आणि बॅटऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीने विक्रीच्या नोकरीसाठी पोरं पारखायला बोलावली होती; सकाळी लेखी, मग गटात चर्चा, आणि आता शेवटचं — बाजारातून आणून बसवलेल्या खऱ्याखुऱ्या गिऱ्हाइकाला ही शेतात न्यायची बॅटरी विकून दाखवायची. पुण्याहून आलेल्या पूनम मॅडम कोपऱ्यात गुण टाकत होत्या. माल कोणीही सांगतं, त्या चहाच्या वेळी म्हणाल्या होत्या, आम्हाला गोष्ट सांगणारा एकच हवाय.

एकच... शेतकीची पदवी घेऊन तो धाड गावात घरी बसला त्याला बरेच दिवस झाले होते. बाबांनी विचारणं सोडलं होतं, आणि ते न विचारणंच रोज जेवताना त्याच्या ताटाशेजारी येऊन बसायचं.

गिऱ्हाईक म्हणून बसलेले म्हातारे जानराव आधीच्या पोरांची गॅरंटी आणि चार्जिंग ऐकून पेंगुळले होते. शेखरने तोंड उघडलं ते उजेड किती लांब जातो हे सांगायला, निघालं भलतंच.

"काका, मागच्या हिवाळ्यात माहे बाबा रातच्याला हरभऱ्याले पाणी द्याले गेले. हातात बॅटरी नोती."

पुढचं कोणी मागून सुचवत असल्यासारखं येत गेलं. बांधावरचा साप, चिखलात रुतलेली एकच चप्पल, सकाळपर्यंत तशीच चालू राहिलेली मोटर, पाणी वाहून वाहून तळं झालेलं वावर... जानराव सावरून बसले. पूनम मॅडमचं पेन भराभर धावायला लागलं, आणि ते जितकं धावलं तितका शेखरच्या पाठीवरून गारवा उतरत गेला, कारण साप आणि मरण रचलेलं असलं तरी वावर खरं होतं, बांध खरा होता, या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीचीच होती आणि बाबा आज रात्रीही पाणी द्यायला जाणार होते. थांब, थांब — पण जीभ थांबेना. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याचं एवढं मन लावून ऐकत होतं.

जानरावांनी वडिलांचं नाव विचारलं. कोणतंही सांगता आलं असतं.

"उकंडराव."

नाव तोंडातून गेलं आणि ते कसं पडलं हे त्याला आठवलं. आजीची तीन पोरं पाळण्यातच गेलेली. चौथं झालं तेव्हा तिने त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीकडून उचलून आणवलं आणि नावही त्या उकंड्यावरूनच ठेवलं — न्यायला येणाऱ्या काळाला वाटावं, हा तर कुणी टाकून दिलेला केर. त्या एका थापेवर बाबा जगले, त्यांचं लग्न झालं, त्यांना मी झालो... आणि मी भर सभेत सांगून बसलो — हाच तो, या वावरात, या बांधावर, रात्री, एकटा. जानरावांनी नाव विचारलं खरं. पण मी ते सांगितलं कोणाला?

"कोनता उकंडराव?" जानराव पुढे वाकले. "धाडवाला? कानात बाळी घालते तो?"

शेखरची मान आपोआप हलली.

"अबे, सकाळीच त धाडच्या स्टँडवर त्यानं मले तंबाखू मळून देली. पोरगं मुलाखतीले गेलं म्हने. बापाले काऊन मारून राह्यला बे? खोटं बोलतं तू."

हॉलमध्ये हशा पिकला. पूनम मॅडमचं पेन थांबलं. नोकरी गेली हे शेखरला कळलं आणि नवल म्हणजे त्याचं काहीच वाटलं नाही. आहेत, बाबा आहेत, एवढंच छातीत भरून आलं, म्हाताऱ्याचे पाय धरावेत असं झालं — आणि वाकता वाकताच तो थबकला. जानराव सांगत होते ते सकाळचं होतं. सकाळी शेखर अजून काहीच बोलला नव्हता.